घराखालचा वारा

“माझं दार लागत नाही,” गलीना हसत हसत म्हणाली, आणि बुद्धभूषणला इतका आनंद झाला की त्यानं घाईघाईनं फोनचं म्यूटचं बटण दाबलं. न जाणो, आनंदाचाही आवाज व्हायचा आणि तो थेट सायबेरियात ऐकू जायचा. अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये सकाळचे आठ वाजले होते, तिकडे उर्मान्स्कमध्ये संध्याकाळ. कॉन्फरन्स रूमच्या काचेतून मे महिन्यातलं कोवळं ऊन टेबलावर पडलं होतं, आणि टेबलाच्या टोकाशी त्याचे बॉस, पुरुषोत्तम सर, भिजवलेले बदाम एक एक करून सोलत होते. गलीना ही उर्मान्स्कमधल्या सगळ्या निवासी इमारतींची व्यवस्थापक. आठवड्याचा नेहमीचा कॉल होता. बॉयलरचं झालं, शाळेच्या नव्या बाजूचं झालं, आणि जाता जाता तिनं आपल्या घराचं सांगितलं. तीन नंबरच्या इमारतीत तळमजल्यावर तिला फ्लॅट मिळाला होता, खेड्यातून म्हाताऱ्या आईला तिनं तिथं आणलं होतं. “तुमची फरशी इतकी गरम आहे, की आईचे गुडघे दुखायचे थांबले,” ती तिच्या ठसठशीत इंग्रजीत म्हणाली, “फक्त स्वयंपाकघराचं दार चौकटीत बसत नाही. तेही आळशी झालंय.” सगळे हसले. पुरुषोत्तम सरांनी बदामाचं साल टिश्यूवर ठेवलं आणि म्हणाले, “लाकूड फुगलं असेल. सुताराकडून थोडं तासून घ्या.” बुद्धभूषणनं मान खाली घालून वहीवर एक दार काढलं आणि ते पेननं गिरवत बसला. लाकूड फुगत नाही, सर. चौकट वाकडी होते. आणि चौकट वाकडी का होते ते तुम्हाला ठाऊक नाही, मला आहे.

दार लागत नाही म्हणजे काय, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणीच्या चाळीत त्याचं बालपण गेलं. खाली जमीन पोखरून काढलेली आणि वर कामगारांच्या खोल्या. वडील, राजाराम, पाळीवरून आले की दर पावसाळ्यानंतर रंधा घेऊन बसायचे आणि दाराची वरची कड तासायचे. पांढऱ्या लाकडाचे कुरळे छिलके अंगणात पडायचे, धाकट्या बहिणी ते कानात अडकवून मिरवायच्या. दार पुन्हा लागायचं. मग दिवाळीपर्यंत पुन्हा अडायचं. शेजारीपाजारी म्हणायचे, राजाराम, दार आता खिडकीएवढं होईल. मग एका वर्षी चुलीमागच्या भिंतीवर केसासारखी चीर दिसली. मग बोट जाईल एवढी. मग साहेबाचा माणूस आला आणि म्हणाला, दोन दिवसांत खोल्या खाली करा. गिरजाबाईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, भांडी गोणीत भरली आणि पंचशीलाचा झेंडा काठीसकट वेगळा घेतला. घर आधी दारातून बोलतं. माणसं ते ऐकतात आणि रंधा मारतात. बुद्धभूषण काच आणि उन्हाच्या त्या खोलीत बसून हे सगळं आठवत होता आणि त्याच्या पोटात काहीतरी गोड, गरम उतरत होतं. तीन वर्षं तो या एका वाक्याची वाट पाहत होता.

उर्मान्स्क त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण ते गाव त्याच्या डोळ्यांदेखत वाढलं असं म्हणायला हरकत नाही. तो कंपनीत लागला तेव्हा पहिले फोटो आले होते. दलदल, खुरटी झाडं, हेलिकॉप्टर उतरायला लाकडी ओंडक्यांचा एक चौथरा आणि आगगाडीच्या डब्यांसारखी काही घरं. तेल लागलं होतं. मग हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून ट्रक येऊ लागले, पुढच्या हिवाळ्यात ट्रकांची रांग, मग धावपट्टी, मग बेकरी, मग केस कापायचं दुकान. तेलाचा भाव चढला की गावात एक गल्ली वाढायची. गलीना प्रत्येक कॉलला नवी बातमी सांगायची, जशी घरात पोर वाढताना आई सांगते तशी: आज पहिलं लग्न नोंदलं, आज टॅक्सीवाल्यांची मारामारी झाली, आज आमच्याकडे ट्रॅफिकचा दिवा बसला आणि लोक नुसता तो बघायला उभे राहिले. दूरदूरहून माणसं येत होती, व्होल्गाकाठची, युक्रेनमधली, डोंगराळ मुलखातली, पगाराच्या मागे. बुद्धभूषणला ते समजत होतं. तोही तसाच आला होता. शॉमबर्गसुद्धा एकेकाळी मक्याची शेतं होती म्हणतात; आता मॉल, ऑफिसं आणि त्यांच्या कडेनं नवीन रोपं लावलेल्या वसाहती. जिथं पैसा उगवतो तिथं घरं उगवतात, आणि घरं कुणाच्या तरी नकाशावरून उगवतात. उर्मान्स्कची घरं शॉमबर्गच्या नकाशावरून उगवली. सुट्या भागांत बांधून पाठवायची, तिकडे जोडायची.

गोठलेल्या जमिनीवरचं बांधकाम हा त्याचा विषय. अलास्कात एम.एस. करताना दोन हिवाळे त्यानं हाच अभ्यास केला, बोटं सुन्न करून घेतली. विषयाचं सगळं सार एका वाक्यात सांगता येतं. तिथली जमीन बर्फानं धरून ठेवलेली असते, आणि घराची ऊब तिला लागू द्यायची नाही. म्हणून घर खांबांवर उचलायचं आणि खालून वारा वाहू द्यायचा. हिवाळाभर तो बोचरा वारा घराखालून जातो आणि जमिनीला गोठलेली ठेवतो. वारा अडवला, की उन्हाळ्यागणिक जमीन थोडी थोडी विरघळते, खांब खचतात, आणि वरचं घर कण्हू लागतं. उर्मान्स्कच्या पहिल्या नकाशात घराखाली माणूस वाकून जाईल एवढी मोकळी जागा होती. मग तक्रारी आल्या की फरशी थंड लागते. दोन हजार चारच्या सप्टेंबरात त्यावर मीटिंग झाली. पुरुषोत्तम सर म्हणजे पुण्याचे, तिथल्या वाड्यांच्या, बंगल्यांच्या बांधकामात आयुष्य काढलेल्या घराण्यातले, इकडे येऊन वीस वर्षं झालेली. ते मराठीत, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, “घराखालून वारा? अरे, जोतं भरल्याशिवाय आपल्याकडे कुणी भिंत उभी करेल का? हे लोक घर बांधतात की मचाण?” मग इंग्रजीत सगळ्यांना त्यांनी सांगितलं की खांबांभोवती तक्ते लावून खालची जागा बंद करू, थोडी भोकं ठेवू, ऊब आत राहील. क्लायंट खूश. त्यांना घाई होती, तेल वाट पाहत नव्हतं. तिकडचा एक जुना फोरमन कुरकुरला म्हणे, त्याची बदली झाली. आणि इथं या टेबलाशी बुद्धभूषणनं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. “सर, पण...” एवढं तो म्हणालाही. “बोल ना,” सर म्हणाले. आणि त्यानं तोंड मिटलं. म्हणाला, “काही नाही, सर. आयडिया चांगली आहे.” ती भोकं पहिल्याच बर्फात बुजणार हे त्याला दिसत होतं. त्याच्या आदल्याच शनिवारी गौरीचं जेवण झालं होतं.

ते जेवण त्यानं इतक्या वेळा आठवलं होतं की त्याच्या कडा झिजायला हव्या होत्या. पण नाही, दरवेळी त्या जास्तच धारदार व्हायच्या. आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. सर ऑफिसात म्हणाले, “भूषण, आईंना घेऊन ये रे, गौरीचं जेवण आहे.” पहिल्याच दिवशी त्यांनी त्याच्या नावातला ‘बुद्ध’ काढून टाकला होता, लांब होतं म्हणून. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “जेवाले बोलावलं तं रिकाम्या हातानं कसं जाव?” मग तिनं लांब पोळ्या करायचं ठरवलं. त्या पोळ्यांना उपडं मडकं लागतं. इथं मडकं कुठलं? उपासनानं, त्याच्या बायकोनं, डेव्हन अव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेलं मोठं अॅल्युमिनियमचं पातेलं आईनं गॅसवर उपडं घातलं, गव्हाचं सैल, लवचीक पीठ कोपरापर्यंत हातावर खेळवलं, ताणलं, आणि पातेल्याच्या पाठीवर पसरलं. धुराचा अलार्म कोकलायला लागला. उपासना टॉवेल हलवत खाली उभी, आई म्हणते, “हे का ओरडून रायलं बाई, जळलं तं नाही न काही!” तिघंही पोट धरधरून हसली. आईच्या तरुणपणी साऱ्या वस्तीत तिच्यासारखी पोळी कुणाच्या हातची नसायची. चौघड्या घालून तिनं त्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, रुमालात बांधल्या.

सरांच्या घरी गर्दी, रेशमी साड्या, मोगऱ्याचे गजरे मुंबईहून कुणीतरी आणलेले. शुभा वहिनी, सरांच्या पत्नी, दारातच पुढे आल्या. डबा उघडून म्हणाल्या, “अय्या, किती पातळ! मावशी, कला आहे हो ही.” मग स्वयंपाकघरात बायकांच्या घोळक्यात त्यांनी सहज विचारलं, “तुमच्याकडे गौरी उभ्याच्या असतात की नुसते मुखवटे?” आई म्हणाली, “आमच्याकडं नाही बसत महालक्ष्म्या. आम्ही बौद्ध हावो न बाई.” अगदी सरळ, जसं कुणी आपलं गाव सांगावं. “हो का? छान, छान,” शुभा वहिनी म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या. आणि डबा घेऊन आत गेल्या. टेबलावर सोळा भाज्या, पुरण, कटाची आमटी, खीर, सगळं मांडलं होतं. लांब पोळ्या कुठे दिसल्या नाहीत. आईनं दोनदा इकडेतिकडे पाहिलं. निघताना वहिनींनी डबा परत दिला, घासून पुसून, आणि त्यात साखर भरलेली. “रिकामा डबा देऊ नये म्हणतात ना, मावशी,” असं म्हणून त्यांनी वाकून नमस्कारसुद्धा केला. रीत म्हणजे रीत. बूट गॅरेजमध्ये काढून ठेवले होते. तिथं दाराशीच कचऱ्याची पातळ पांढरी पिशवी बांधून ठेवली होती, आणि तिच्या प्लास्टिकला आतून चिकटून त्या पोळ्या दिसत होत्या, घातल्या होत्या तशाच चौघडीत. एकीचीही घडी मोडलेली नव्हती. आईनं पाहिलं. तिनं पाहिलं हे त्यानं पाहिलं. उपासनानं घेऊन दिलेल्या बुटांची नाडी बांधायला आई खाली बसली आणि बराच वेळ बांधत राहिली. गाडीत ती एवढंच म्हणाली, “इथली साखर लय बारीक हाय.” ती साखर त्यांच्या घरात कुणी चहात घातली नाही आणि फेकलीही नाही.

त्यानं सरांना सवलत द्यायचा प्रयत्न करून पाहिला. पोळ्या पडल्या असतील. कुत्रं शिवलं असेल. पण त्यांच्याकडे कुत्रं नव्हतं. मुलांनी सांडल्या असतील. सांडलेल्या पोळीची घडी राहत नाही. इंजिनिअर माणूस, सगळे पर्याय तपासून तो परत त्याच पिशवीपाशी यायचा. आणि मग मंगळवारी ती मीटिंग. आपलं तोंड कोणत्या क्षणी मिटलं ते त्याला नेमकं ठाऊक होतं. ‘आपल्याकडे’ म्हणाले सर. आपल्याकडे कुणी भिंत उभी करेल का. त्या ‘आपल्या’त तो होता का नव्हता? नकाशात होता, जेवणात नव्हता. ठीक आहे, त्यानं मनात म्हटलं, भरा तुमचं जोतं. त्या क्षणापासून त्याच्या आत एक थंड, शिस्तशीर शांती आली. भांडण नाही, नोकरी सोडणं नाही, मराठी मंडळात कुजबूज नाही. सर त्याच्या पाठीवर थाप मारायचे, तो हसायचा. सरांना त्या ऊबदार घरांसाठी कंपनीचं बक्षीस मिळालं तेव्हा सगळ्यात जास्त टाळ्या त्यानं वाजवल्या. वाढा, सर, वाढा, जेवढे उंच जाल तेवढं बरं. तुमच्या नावानं उभी आहेत ती घरं आणि तुमच्या नावानं बसतील. जमीन माझ्या बाजूनं आहे. तिला घाई नाही, मलाही नाही. दर उन्हाळ्यात तो इंटरनेटवर तिकडचं तापमान बघायचा आणि जास्त दिसलं की दिवसभर शीळ घालायचा. “तू हल्ली झोपेत हसतोस,” उपासना एकदा म्हणाली. “बरं नाही वाटत ते हसणं.” तो म्हणाला, “वर्क प्रेशर.” तिला त्यानं काहीच सांगितलं नव्हतं. सूड ही एकट्यानं खायची गोष्ट असते, आणि तो ती चवीनं खात होता.

फक्त एका गोष्टीचा त्यानं हिशोब धरला नव्हता, ती म्हणजे गलीनाचा आवाज. इतकी वर्षं तीन नंबरची इमारत त्याच्या लेखी तीन नंबरची इमारत होती. सरांच्या कारकिर्दीला लावलेला सुरुंग. आत कुणी राहतं हे त्याला माहीत होतं, पण जसं नकाशावर माणसाच्या आकाराचं चिन्ह काढतात तसं. आता त्या चिन्हाला गुडघे होते. जूनमध्ये गलीना म्हणाली, दार तासून घेतलं, आता खिडकी अडते. मग म्हणाली, आईच्या पलंगामागे भिंतीला बारीक चीर पडली आहे, तिनं त्यावर कॅलेंडर लावलं. तिच्या मागून म्हातारीचा खोकला ऐकू यायचा, आणि गलीना मधेच फोनवरून तोंड फिरवून तिला एक हाक मारायची, प्रेमानं वैतागल्यासारखी. ती हाक आता त्याच्या ओळखीची झाली होती. कॅलेंडरचं ऐकलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आनंद होताच, खोटं कशाला बोला. पण आनंदाच्या खाली काहीतरी ओलं ओलं सुटायला लागलं होतं, आणि त्याचा त्याला राग येत होता. या बाईनं त्याच ढिगातलं घर का घ्यावं? गावात इतक्या इमारती आहेत. आणि आईला कशाला आणलं? खेड्यात बरी होती की. स्वतःचं हे वाक्य त्याच्या कानांवर आलं तेव्हा तो गाडी चालवत होता, आणि त्यानं रेडिओ लावला.

जुलैच्या एका शनिवारी सकाळी त्यानं नागपूरला फोन लावला आणि आईला सगळं सांगून टाकलं. का सांगितलं ते त्यालाही नीट कळलं नाही. कदाचित त्याला वाटलं असेल, ती म्हणेल, “असं करू नाही बेटा,” आणि मग त्याची सुटका होईल. कुणीतरी आपल्याला चांगलं व्हायला भाग पाडावं असं माणसाला वाटतं, म्हणजे सूड सोडल्याचा दोष आपल्याकडे येत नाही. त्यानं सांगितलं, घराखालचा वारा, तक्ते, जोतं, विरघळणारी जमीन. खाणीच्या चाळीतलं दार आठवतं का, तसंच. “आठवते न,” आई म्हणाली. मग त्या पिशवीचं तो बोलला. तीन वर्षांत त्या दोघांनी हा विषय एकदाही काढला नव्हता. पलीकडे कुकरची शिट्टी झाली, आईनं गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग ती अगदी शांत आवाजात, लोणचं कधी मुरेल विचारावं तशी म्हणाली, “पडन कधी मंग?” “सांगता येत नाही, आई. या उन्हाळ्यात, नाही तर पुढच्या.” “आणि त्याले समजन का?” तिनं विचारलं. “काय?” “काहून पडलं ते. पोळ्यायपाई पडलं, हे त्याले समजन का?” तिथं गलीनाची आई राहते, तिचे गुडघे आत्ता कुठे दुखायचे थांबलेत, हे तिला सांगायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, “नाही. नाही कळणार.” “मंग काय फायदा त्याचा?” आई म्हणाली आणि लाइट गेली, इन्व्हर्टर लावते, असं सांगून तिनं फोन ठेवला. तिचा राग एवढा मोठा असेल असं त्याला वाटलं नव्हतं. आपणच तिच्यावतीनं रागावलोय अशी त्याची समजूत होती. ती बिचारी, भोळी, नाडी बांधत बसलेली. तिनं तर त्याच्यापेक्षा पुढचा विचार केला होता.

सोमवारच्या कॉलला गलीना नव्हती. तिच्या जागी दुसऱ्याच कुणीतरी सांगितलं की तीन नंबरमध्ये गॅसचा पाइप सांध्यातून निसटला होता, वास आला म्हणून वेळेवर कळलं, आता जोडून घेतलाय, गलीना ते बघायलाच घरी थांबली आहे. पुरुषोत्तम सर म्हणाले, “गुड, गुड. नेक्स्ट?” बुद्धभूषण उठला. त्याच्या खुर्चीचं चाक टेबलाच्या पायात अडकलं, ते सोडवायला त्याला खाली वाकावं लागलं, आणि वाकलेल्या अवस्थेतच त्याला कळलं की आता थांबता येणार नाही. कॉल संपल्यावर तो सरांच्या मागोमाग त्यांच्या खोलीत गेला आणि त्यानं दार लावून घेतलं.

“तीन नंबर आजच्या आज रिकामी करायला हवी,” तो म्हणाला. “आणि सगळ्या इमारतींचे तक्ते काढायला हवेत. खालची जमीन विरघळतेय, सर. दार, खिडकी, भिंत, आता पाइप. इमारत बसतेय.” सरांनी चष्मा काढला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या उर्मान्स्कच्या मोठ्या फोटोकडे, ज्याच्यावर त्यांचं नाव होतं. माणूस हुशार होता. अर्ध्या मिनिटात त्यांच्या चेहऱ्यावरून रंग उतरत गेला. तो उतरताना बुद्धभूषणनं डोळे भरून पाहिला. याचसाठी तर तीन वर्षं. “तुला हे कधी लक्षात आलं?” सरांनी विचारलं. “तुम्ही जोतं म्हणालात तेव्हा.” “म्हणजे? त्या मीटिंगमध्ये?” “हो.” “आणि तू बोलला नाहीस?” “नाही.” सर उभे राहिले. त्यांचा आवाज फाटला. “अरे, तू माणूस आहेस का कोण आहेस? माणसं राहतात तिथं!”

“माझी आई पण माणूसच होती, सर,” बुद्धभूषण म्हणाला. “तुमच्याकडे जेवायला आली होती.” आपला आवाज एवढा साधा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. या वाक्याच्या किती तरी आवृत्त्या त्यानं गाडीत, शॉवरखाली म्हणून पाहिल्या होत्या, सगळ्यांत तो ओरडत होता. “काय संबंध?” सर म्हणाले. मग त्यानं सांगितलं. लांब पोळ्या, पिशवी, घडी. सर कपाळाला आठ्या घालून खरंच आठवायचा प्रयत्न करत होते, हे त्याला दिसत होतं, आणि तेच सगळ्यात असह्य होतं. “गौरीला शंभर माणसं येतात रे,” ते शेवटी म्हणाले. “कुठला डबा... शुभानं काय केलं असेल मला काय माहीत? आणि तेवढ्यासाठी तू...” तेवढ्यासाठी. हा शब्द खोलीत राहिला. बुद्धभूषणला वाटलं होतं की सांगितल्यावर काहीतरी हलकं होईल. ज्याला कळायला हवं होतं त्याला कळलं होतं, आईच्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं होतं, आणि तरी समोर एक भेदरलेला, घाम फुटलेला म्हातारा होत चाललेला माणूस होता, ज्याच्या डोक्यात आता फक्त उर्मान्स्क होतं. एका पिशवीइतकीही जागा तिथं उरली नव्हती. “तुमची फरशी गरम झाली तेव्हा कुणी तरी एकदा तरी विचारलं का तुम्हाला, ऊब जाते कुठं ते?” बुद्धभूषण म्हणाला. “तुम्ही विचारलंत?” सर खुर्चीत बसले, आणि त्यांनी आपल्या हातानं फोन पुढे ओढून नंबर फिरवला. पहिल्यांदा चुकला. स्पीकर लावला. मग फोन टेबलावरून बुद्धभूषणकडे सरकवला. “तू सांग,” ते म्हणाले. “तुला नीट माहीत आहे. मला सांगता येणार नाही.”

दोन-तीन रिंग झाल्या. गलीनानं घेतला, मागे पाणी वाहत होतं, भांड्यांचा आवाज येत होता. “अरे, तुम्ही!” ती म्हणाली. “पाइप झाला बरं का, काळजी नको.” त्यानं सांगायला सुरुवात केली. घराखालचे तक्ते उघडायला सांगा. नाही, आत्ता. घर सोडा, सगळ्यांना सोडायला लावा, गॅस बंद करा. जमीन बसते आहे. तिनं नळ बंद केला. तिनं दोन प्रश्न विचारले, नीट, कामाचे. त्यानं उत्तरं दिली. टेबलापलीकडे सर दोन्ही हातांत डोकं धरून बसले होते आणि बोटांच्या फटीतून त्याच्याकडे बघत होते. “हे तुम्हाला कधी कळलं?” गलीनानं विचारलं. तो म्हणू शकला असता, आज. तो म्हणू शकला असता, आत्ताच, कॉलनंतर. सरांनीही नकार दिला नसता; त्यांना तर तेच बरं पडलं असतं. “तीन वर्षांपूर्वी,” तो म्हणाला.

गलीनानं शिवी दिली नाही, का म्हणून विचारलं नाही. फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला, आणि दूर, आतल्या खोलीकडे तोंड करून तिनं ती नेहमीची हाक मारली. या वेळी त्या हाकेत वैताग नव्हता. जड पलंग करकरला, म्हातारी झोपेतून काहीतरी पुटपुटली, आणि गलीना तिच्या गुडघ्यांना सांभाळत तिला उठवू लागली.